माशांची रक्ततपासणी : आधी उपास का आणि किती?

घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या रक्तातील साखर तपासायची असली, की तपासणी केंद्रात पहिला प्रश्न विचारला जातो, "सकाळपासून काही खाल्लंय का?" नुसता चहा घेतला असला तरी "उद्या उपाशीपोटी या" म्हणून परत पाठवतात. उपाशीपोटीची साखर वेगळी आणि जेवणानंतर दोन तासांची वेगळी, हे आता खेड्यापाड्यातही सर्वांना माहीत झाले आहे. माशाच्या रक्तालाही हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच, की माशाला विचारता येत नाही आणि तळ्याच्या मालकाला पुष्कळदा कोणी विचारत नाही. मग अहवाल हाती येतो, त्यात आकडे असतात, त्या आकड्यांवरून औषधाचा किंवा नव्या खाद्याचा खर्च ठरतो. पण तो आकडा आजाराचा आहे की सकाळी आठ वाजता टाकलेल्या पेंडीचा, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

नायगाव, बिलोली, देगलूर, मुखेड या पट्ट्यात सोयाबीन आणि कापसाच्या जोडीला शेततळी दिसू लागली आहेत. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना राज्यात २०१६ साली आली, तेव्हापासून त्यांची संख्या वाढली. पाणी साठवलेच आहे तर त्यात कटला, रोहू, मृगळ किंवा सायप्रिनस सोडावा, हा विचार योग्यच आहे. सुरुवातीला हे मासे शेण, सुपर फॉस्फेट आणि थोडी पेंड-कोंडा यावर वाढत. आता दाट संगोपन, पोत्यातील तरंगते खाद्य आणि काही ठिकाणी पंगस, तिलापिया यांचा शिरकाव झाला आहे. खर्च वाढला तसा धोकाही वाढला. त्यामुळे जनावरांप्रमाणे माशांचेही रक्त तपासून घ्यावे असे शेतकऱ्यांना वाटू लागले आहे. इच्छा चांगली आहे, पण ती फळाला यावी यासाठी रक्त काढण्यापूर्वीचे चोवीस तास फार महत्त्वाचे असतात. हे काम प्रयोगशाळेचे नसून तळ्यावरचे आहे, म्हणजे आपले आहे.

रक्तातून काय कळते?

माशाच्या रक्तात प्रामुख्याने साखर, एकूण प्रथिने, अल्ब्युमिन, ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल हे चरबीचे घटक, अमोनिया आणि यकृताची एएसटी, एएलटी ही विकरे पाहतात. साखर चढलेली दिसली तर मासा ताणाखाली आहे असा अंदाज बांधतात. प्रथिने घटलेली दिसली तर उपासमार, जंतुसंसर्ग किंवा यकृत-मूत्रपिंडाचा बिघाड याचा संशय घेतात. चरबी वाढली तर खाद्यात तेल किंवा पिष्ट पदार्थ जास्त झाले का, हे पाहतात. विकरे वाढली तर यकृतावर काही आघात झाला असावा असे समजतात. बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिन हे त्याचे आपल्या भागातील एक संभाव्य कारण आहे.

आता यातील प्रत्येक आकड्यावर माशाने शेवटचे केव्हा खाल्ले याचा परिणाम सारखा होत नाही, हे लक्षात घ्यावे. एकूण प्रथिने व अल्ब्युमिन एका दिवसाच्या उपासाने फारशी हलत नाहीत. साखर, ट्रायग्लिसराइड आणि अमोनिया मात्र खाल्ल्यानंतर काही तासांतच चढतात. म्हणजे ज्या आकड्यांवरून शेतकऱ्याला खाद्याविषयी सल्ला द्यायचा, नेमके तेच आकडे ताज्या खाद्याने बिघडलेले असतात.

अमोनियाचे उदाहरण घेऊ. आपण पेंड टाकतो ती प्रथिनांसाठी. माशाच्या अंगी न लागलेल्या प्रथिनांतील नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर पडते. गाय-म्हशीत त्याचा युरिया होऊन तो मूत्रावाटे जातो. मासा बहुतांश अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. खाल्ल्यानंतर काही तासांनी रक्तातील अमोनिया सर्वात जास्त असतो आणि पुढे हळूहळू उतरतो. अशा वेळी रक्त घेतले तर पाण्यात अमोनियाची विषबाधा झाली की काय, असा भास होऊ शकतो. मग घाबरून पाणी बदलले जाते, आणि एप्रिल-मे महिन्यात नायगाव भागात पाणी बदलणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

चरबीचा परिणाम आणखी वेगळ्या वाटेने होतो. तेलकट खाद्य खाल्लेल्या माशाचे रक्त यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या, की वर राहणारा पाणीदार भाग स्वच्छ पिवळसर न दिसता दुधासारखा गढूळ दिसतो. या पाणीदार भागाला रक्तद्रव म्हणतात. बहुतेक रासायनिक तपासण्या रंगावर चालतात. रक्तद्रवात रसायन मिसळायचे, रंग आला की त्यातून प्रकाश सोडायचा आणि किती प्रकाश अडला ते मोजायचे, अशी पद्धत असते. रक्तद्रव आधीच दुधाळ असला तर प्रकाश चरबीच्या थेंबांमुळेही अडतो. अशा वेळी केवळ चरबीचा आकडाच नव्हे, तर इतर घटकांचे आकडेही चुकू शकतात. हातात धरून पाहायच्या वक्रतामापक दुर्बिणीवर मोजलेली प्रथिनेसुद्धा खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. वर म्हटल्याप्रमाणे प्रथिने स्वतः हलत नाहीत, पण मोजमाप हलते.

एका आकड्याची किंमत

समजा, नायगाव तालुक्यातील एका शेततळ्यात शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात देत आहेत. पेंड महाग झाली म्हणून लातूरहून भाजलेल्या सोयाबीनची पेंड आणून दोन महिने घालून पाहायचे ठरले. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे घटक असतात, म्हणून भाजलेलीच घ्यावी. हे जाता जाता. बदल करण्यापूर्वी एक सोमवार पाहून दहा वाजता जाळे टाकले आणि रक्त घेतले. त्या दिवशी आठ वाजता नेहमीप्रमाणे खाद्य पडले होते. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतले, पण त्या दिवशी गडी आला नाही आणि आदल्या दुपारपासून तळ्यात काही पडलेच नव्हते. दुसऱ्या अहवालात ट्रायग्लिसराइड आणि साखर दोन्ही कमी दिसतील. शेतकरी म्हणेल सोया पेंड मानवली, मासे निरोगी झाले. दुसरा म्हणेल सोया पेंडीत कस नाही, मासे खंगले. दोघेही एका सुट्टी घेतलेल्या गड्याचा परिणाम वाचत असतील. या वाचनावर पुढच्या हंगामाची पेंड खरेदी केली, तर नुकसान हजारो रुपयांचे होते आणि कशाने झाले हे कधी कळतही नाही.

दोन तळ्यांची, दोन खाद्यांची किंवा दोन महिन्यांची तुलना करायची तर उपास दोन्हीकडे सारखा हवा. मत्स्यशास्त्राच्या अभ्यासांत पुष्कळदा चोवीस तास उपाशी ठेवलेल्या माशांचे आकडे दिलेले असतात. आपला अहवाल त्यांच्याशी ताडून पाहायचा असल्यासही उपास तेवढाच असावा.

माशाचे पोट आणि पाण्याची उष्णता

चोवीस तासच का, हे समजण्यासाठी माशाचे पचन थोडे पाहिले पाहिजे. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि गवत्या हे सर्व एकाच कुळातले. यांना जठर नसते. अन्न घशातील दातांनी भरडले जाते आणि सरळ आतड्यात उतरते. हे आतडे शरीराच्या कित्येक पट लांब असते. जठर नसल्यामुळे या माशांना एका वेळी पोटभर साठवून ठेवता येत नाही. ते दिवसभर थोडे थोडे खातात.

दुसरी गोष्ट म्हणजे माशाच्या शरीराची उष्णता पाण्याबरोबर कमी-जास्त होते. पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस असेल, तर पचन वेगाने होते आणि साधारण एका दिवसात आतडे मोकळे होते. मराठवाड्यात मार्च ते ऑक्टोबर या काळात तळ्याचे पाणी बहुधा एवढे उबदार असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाणी २० अंशांच्या आसपास येते आणि तेच आतडे मोकळे व्हायला दीड-दोन दिवस लागू शकतात. म्हणून थंडीत उपास ३६ ते ४८ तासांचा ठेवावा. तापमापी शंभर-दीडशे रुपयांना मिळते. ती सुतळीला बांधून सकाळी आणि दुपारी हातभर खोलीवर सोडून पाहावी. हवेच्या गारठ्यावरून पाण्याचा अंदाज बांधू नये.

पंगस आणि मरळ यांची गोष्ट वेगळी. यांना जठर असते आणि एका वेळचे खाणे जास्त असते. मरळ तर मांसाहारी मासा. मांसाहारी माशांना पिष्ट पदार्थातील साखर आवरणे जमत नाही. एकदा चढलेली साखर बराच वेळ, कधी कधी दिवसभरही, उतरत नाही. एका अर्थाने मधुमेही माणसासारखीच यांची प्रकृती म्हणावी लागेल. अशा माशांना उन्हाळ्यातसुद्धा दीड दिवसाचा उपास द्यावा. कटला-रोहूचा नियम त्यांना लावू नये.

एकादशी अन् दुप्पट खाशी

सर्वात मोठी चूक येथे होते. शेतकरी सांगतात, "कालपासून खाद्य बंद ठेवले आहे, मासे उपाशीच आहेत." खाद्य बंद असते, पण मासे उपाशी नसतात. शेणखत घातलेल्या हिरवट पाण्यात सूक्ष्म वनस्पती आणि सूक्ष्म प्राणी भरपूर असतात. कटला पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाचा गाळ, कुजके पदार्थ आणि किडे धुंडाळतात. आपण पेंड टाकली नाही, तर ते या खाण्याकडे अधिकच वळतात. आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन एकादशी करतात, त्यातलाच हा प्रकार. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात गाळ कमी असतो, पण पाणी हिरवे असेल तर तेथेही उपास घडत नाही.

यावर उपाय सोपा आहे. रक्त काढावयाचे आठ-दहा मासे आदल्या दिवशी वेगळे काढून स्वच्छ पाण्यात ठेवावेत. सिमेंटची टाकी, मोठा प्लास्टिकचा हौद, फळबागेसाठीची टाकी, काहीही चालेल. हजार लिटर पाण्यात अर्ध्या किलोचे आठ ते दहा मासे ठेवता येतात. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असेल तर ते आधी उंचावरून धार सोडून भरावे आणि काही तास तसेच राहू द्यावे. जमिनीतून वर आलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. नळाचे क्लोरीन घातलेले पाणी वापरू नये. टाकीतील आणि तळ्यातील पाण्याच्या उष्णतेत दोन-तीन अंशांहून जास्त फरक नसावा. हवा सोडणारा छोटा पंप असेल तर लावावा. नसेल तर मासे निम्मेच ठेवावेत आणि मधून मधून पाण्याची धार सोडावी. टाकीवर जाळी बांधावी, कारण कटला व रोहू उड्या मारून बाहेर पडतात, आणि सकाळी मांजराचे समाधान तेवढे होते. टाकीच्या तळाशी साचलेली विष्ठा संध्याकाळी नळीने ओढून काढावी. भूक लागली की मासे तीही चघळतात.

टाकीची सोय अजिबात नसेल तर तळ्यातच बारीक कापडी हापा बांधावा. हाप्यात मासे तळाच्या गाळापासून दूर राहतात आणि पेंडही मिळत नाही, मात्र पाण्याबरोबर आत येणारे सूक्ष्म जीव खाल्लेच जातात. म्हणून हापा हा दुसऱ्या पसंतीचा उपाय समजावा आणि मासे टाकीत होते की हाप्यात, हे नोंदवावे.

या पद्धतीचा एक फायदा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तळ्यातील बाकीच्या माशांचे खाद्य बंद करण्याची गरजच राहत नाही. अर्ध्या किलोचे सातशे मासे असलेल्या तळ्यात ३५० किलो वजन होते. त्याला दोन टक्के दराने रोज सात किलो खाद्य लागते. ते नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. उपास फक्त टाकीतल्या आठ-दहा माशांना घडतो. त्यांचे वजन दुसऱ्या दिवशी थोडे कमी भरले, तरी त्यातील बराचसा भाग आतड्यातून बाहेर पडलेल्या मळाचा असतो. खाऊ घातले की ते भरून येते.

उपास केला, पण माशाला पळवले

आता दुसरी बाजू. साखर केवळ खाल्ल्याने चढत नाही, भीतीनेही चढते. मासा जाळ्यात सापडला, पाण्याबाहेर आला, बादलीत गर्दीत राहिला, की त्याच्या शरीरात काही मिनिटांतच कॉर्टिसॉल आणि त्यासारखे स्राव वाढतात. त्यांच्यामुळे यकृतातील साठा मोकळा होतो आणि पाव-अर्ध्या तासात रक्तातील साखर चढू लागते. ती कित्येक तास चढलेली राहते. शांत, उपाशी सायप्रिनसच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे साखर साधारणपणे १०० मिलिग्रॅमच्या आत असते. धावपळ झालेल्या माशात ती दुप्पट आढळली तरी आश्चर्य नाही.

म्हणून मासे आदल्या दिवशीच टाकीत ठेवल्याने दोन कामे होतात. पोट रिकामे होते आणि जाळ्याची धास्तीही बरीचशी ओसरते. रक्त काढण्याच्या सकाळी तळ्यात ओढजाळे फिरवून ताजे मासे आणणे आणि "यांना कालपासून खाद्य नाही" असे सांगणे, यात अर्धाच उपयोग होतो. टाकीतूनही मासे एकदम सगळे काढू नयेत. टाकीवर गर्दी करू नये, मुलांना दूर ठेवावे. एकेक मासा हातजाळीने पटकन उचलावा आणि दोन-तीन मिनिटांत रक्त घ्यावे. दहाव्या माशापर्यंत टाकी नऊ वेळा ढवळलेली असते. यासाठी प्रत्येक नळीवर मासा कितवा होता तो क्रमांक लिहावा. पुढे साखर क्रमाने चढत गेलेली दिसली, तर कारण आजारात शोधावे लागत नाही.

वेळही पाहावी. पहाटे तळ्यातील प्राणवायू सर्वात कमी असतो, त्याचाही ताण माशाला बसतो. सोयीचा क्रम असा : आदल्या दिवशी सकाळी आठला शेवटचे खाद्य, नऊच्या सुमारास मासे टाकीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान रक्त. खाद्य टाकल्याची आणि रक्त घेतल्याची घड्याळातील वेळ लिहून ठेवावी. "सकाळी" हा शब्द पुरेसा नाही.

रक्त कोणी घ्यावे, कोठे न्यावे?

रक्त घेणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या कण्याखालून जाणाऱ्या शिरेतून बारीक सुईने ते घेतात. किलोभर माशातून एक मिलिलिटर एवढेच रक्त काढावे, म्हणजे अर्ध्या किलोच्या माशातून अर्धा मिलिलिटर. माशाचे रक्त फार लवकर गोठते, त्यामुळे नळीत गोठणरोधक आधीच घातलेले असावे लागते. सुई ओढताना जोर केला तर रक्तपेशी फुटतात, रक्तद्रव लालसर होतो आणि पोटॅशियम, एएसटी यांचे आकडे खोटे वाढतात. तसा नमुना टाकून द्यावा हे बरे.

माणसांच्या तपासणी केंद्रात माशाचे रक्त नेण्याचा मोह टाळावा. माणसाच्या लाल पेशींत केंद्रक नसते, माशाच्या लाल पेशींत असते. त्यामुळे माणसासाठीचे स्वयंचलित यंत्र माशाच्या पेशी मोजताना गोंधळते आणि पांढऱ्या पेशींचा भलताच आकडा देते. रासायनिक तपासण्या तेथे होऊ शकतील, पण अर्थ कोण लावणार? घरातील ग्लुकोमीटरवर माशाची साखर पाहता येते, मात्र ते यंत्र माणसाच्या रक्तासाठी जुळवलेले असल्याने प्रयोगशाळेपेक्षा बहुधा कमी आकडा दाखवते. एकाच यंत्रावर आपल्याच दोन तळ्यांची तुलना करण्यापुरता त्याचा उपयोग करावा.

आणखी एक अडचण अंतराची आहे. आपल्या भागाला जवळचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय उदगीरला आहे. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे आहे. नायगावहून मुखेडमार्गे तेथे पोहोचायला वेळ लागतो. नळीतील रक्तपेशी जिवंत असतात आणि वाटेत त्या रक्तातील साखर खात राहतात. मोटारसायकलच्या डिकीत दुपारच्या उन्हात नेलेल्या नमुन्यात साखर कमी निघेल, आणि चोवीस तासांचा नीट पाळलेला उपास वाया जाईल. रक्तद्रव तळ्यावरच किंवा जवळच्या ठिकाणी वेगळा करून बर्फात न्यावा लागतो. जिवंत मासे पिशवीत घालून नेणे हाही मार्ग नव्हे, कारण प्रवासाचा ताण सर्व आकडे बदलून टाकतो. म्हणून आधी महाविद्यालयातील तज्ज्ञांशी किंवा सगरोळी व पोखर्णी येथील कृषी विज्ञान केंद्रांशी बोलून घ्यावे, काय सोय होऊ शकते ते विचारावे आणि मगच मासे टाकीत ठेवावेत.

उपास लांबवू नये

चोवीस तास चांगले तर आठवडा आणखी चांगला, असे समजू नये. उपास लांबला की माशाचे शरीर दुसऱ्या साठ्यावर चालू लागते. सुरुवातीला यकृतातील साठवलेली साखर खर्च होते. सायप्रिनससारख्या माशाच्या यकृतात हा साठा मोठा असतो, त्यामुळे रक्तातील साखर बरेच दिवस टिकून दिसते आणि सर्व काही ठीक आहे असे वाटते. आतून मात्र चरबी वितळू लागलेली असते. ट्रायग्लिसराइड घटते, मोकळी मेदाम्ले वाढतात आणि पुढे प्रथिनेही उतरतात. असा अहवाल कुपोषणाचा किंवा यकृताच्या आजाराचा वाटू शकतो.

हा लांबलेला उपास नेहमी मुद्दाम केलेला असतो असे नाही. श्रावणात चार-पाच दिवस आभाळ झाकोळून राहिले, की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे खाद्याला तोंड लावत नाहीत. आपण पेंड टाकतच असतो, ती तळाशी कुजत असते. कागदावर मासे खात आहेत, प्रत्यक्षात उपाशी आहेत. खाद्य ताटलीत किंवा गोणपाटाच्या झोळीत देण्याची पद्धत असेल तर तासाभराने झोळी वर ओढून किती शिल्लक आहे ते कळते. मागील आठवड्यात मासे खात होते का, हा प्रश्न रक्त घेणाऱ्याने विचारलाच पाहिजे. त्याने विचारला नाही तर आपण होऊन सांगावे.

आजारी माशाला उपास नको

वरील सर्व सूचना ठरवून केलेल्या तपासणीसाठी आहेत. मासे आजारी पडले असतील, अंगावर जखमा दिसत असतील, कडेला सुस्त फिरत असतील, तर चोवीस तास थांबण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत तो मासा राहील याची खात्री नसते. तेव्हा जसा आहे तसा नमुना घेऊ द्यावा आणि शेवटचे खाद्य केव्हा पडले एवढे लिहून द्यावे. अशा माशाच्या साखरेवरून कोणी निष्कर्ष काढू नये, पण कल्ले, त्वचा आणि मूत्रपिंड यांची तपासणी उपयोगी पडते.

आणि पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेत असतील, तर रक्त, सुई, उपास हे सर्व विसरून आधी पंप चालू करावा, पाणी उडवावे आणि खाद्य बंद करावे. तेथे प्राणवायूची टंचाई आहे, आणि ती कळायला रक्ततपासणी लागत नाही. पैसे मर्यादित असतील तर वर्षातून एकदा रक्त तपासण्यापेक्षा दर आठवड्याला पाण्याचा सामू, प्राणवायू व अमोनिया पाहणे अधिक फायद्याचे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रक्ततपासणी ही त्याच्या पुढची पायरी होय.

बोटुकली आणतानाही हेच शास्त्र

जे तत्त्व रक्ताला लागू आहे, ते मत्स्यबीजाच्या वाहतुकीला तर फारच उपयोगी आहे. खाल्लेला मासा उपाशी माशापेक्षा जास्त प्राणवायू वापरतो, जास्त अमोनिया सोडतो आणि पिशवीत विष्ठा करून पाणी नासवतो. एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश प्राणवायू भरलेल्या बंद पिशवीत या तिन्ही गोष्टी जिवावर बेततात. म्हणून बीज केंद्रावर बोटुकली पिशवीत भरण्यापूर्वी ती हाप्यात उपाशी ठेवली होती का, हे खरेदी करणाऱ्याने विचारावे. बोटुकलीला एक दिवस पुरतो. अगदी लहान बीजाच्या अंगात साठा कमी असल्याने त्याला त्याहून कमी वेळ ठेवतात. पिशवीच्या तळाशी धाग्यासारखी विष्ठा भरपूर दिसली, तर बीज भरल्या पोटी आले आहे असे समजावे आणि तळ्यात सोडण्याची घाई न करता, पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून, हळूहळू तळ्याचे पाणी मिसळून ते सोडावे.

विक्रीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवण्यामागेही हेच कारण आहे. रिकाम्या आतड्याचा मासा बर्फात जास्त काळ टिकतो. नांदेडच्या बाजारापर्यंत जाताना त्याचे पोट फुटत नाही.

नमुन्यासोबतची चिठ्ठी

प्रत्येक नमुन्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. माशाची जात व वजन, शेवटचे खाद्य कोणते व किती वाजता, मासे टाकीत होते की हाप्यात की थेट तळ्यातून घेतले, त्या दोन दिवसांतील पाण्याची उष्णता, मागील आठवड्यात मासे खात होते का, आणि रक्त किती वाजता घेतले, एवढे त्यात असावे. वेगवेगळ्या जातींचे रक्त एकत्र करू नये. एकाच माशावरून तळ्याचा निवाडा करू नये. सारख्या आकाराचे निदान पाच-सहा मासे घ्यावेत. गुंगीसाठी लवंगतेल किंवा दुसरे काही वापरले असेल तर तेही लिहावे, कारण त्यानेही काही आकडे हलतात.

रक्त घेतलेले मासे लगेच तळ्यात टाकू नयेत. स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात तासभर ठेवून ते नीट पोहू लागले, की मग सोडावेत आणि संध्याकाळच्या खाद्यापासून त्यांना नेहमीप्रमाणे खाऊ द्यावे. गुंगी दिलेल्या माशांच्या परावर थोडी खूण करून ठेवावी, म्हणजे तज्ज्ञांनी सांगितलेल्या मुदतीच्या आत ते चुकून बाजारात जाणार नाहीत.